घुबडाचा डावा पंख

३ सप्टेंबर २०१९
कॉर्बिन फॉल्स, ओहायो

जोलीन,

पत्र फाडणार असशील तर खुशाल फाड, पण आधी पाकिटातला काळ्या कागदाचा तुकडा बाहेर काढ आणि त्यावरून अंगठा फिरव. वटवाघूळ आहे ते. पंखांच्या काड्या लागल्या हाताला? त्या मी उठवल्यात. तुझ्या बापाने. आता काय फाडायचं ते फाड.

सहा वर्षांनी लिहितोय आणि सुरुवातच बढाईने करतोय, असं म्हणशील. मग काय करू? दुसऱ्या कशाने सुरुवात करावी हे मला सुचत नाही, आणि वटवाघूळ झालंयच झकास.

गॅरेज मी मे महिन्यात विकलं. मन म्हणत होतं अजून पाच वर्षं, गुडघे म्हणाले पुरे. चाळीस वर्षं या गावातल्या गाड्यांचे पोचे काढले. रस्त्यात हरणं आडवी येतात तोवर इथे डेंटिंगवाल्याला मरण नाही, पण ते आता दुसऱ्याने बघावं. ‘ह्रुश्का आणि मुलगी’ ही पाटी मात्र विकली नाही, उतरवून घरी आणली. तुला न विचारता रंगवली होती, हे मला मान्य आहे.

तर गॅरेज रिकामं करताना हत्यारांचं मोठं कपाट सरकवलं, आणि त्याच्यामागे भिंतीला टेकून उभं होतं तुझं कागदावरचं घुबड. अर्धं. डाव्या पंखाचं एकेक पीस उठवलेलं, उजव्या पंखाच्या नुसत्या पेन्सिलीच्या रेघा, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. शेजारी तुझा बिस्किटांचा जुना डबा. त्यात गोल टोकाच्या सळया, पितळेचे साचे, पावडरच्या बाटल्या. बाकीचं सगळं छत गळलं तेव्हा भिजून गेलं, ते तुला ठाऊक आहेच. कागद भिजला की उठाव बसतो, त्याला कोण काय करणार.

डबा तुला पाठवूनच देणार होतो. पाठवण्याआधी एक सळई सहज हातात धरून बघितली आणि तिथेच घोळ झाला. कागद पालथा घालायचा, खाली साचा, आणि मागून दाबायचं, की पुढून नक्षी फुगून वर येते. अगं, चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? पोचा मागूनच काढतात! पुढून मारला तो अपघात, मागून मारली ती कारागिरी. एवढं सोपं होतं तर मला तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगितलं असशीलही. मी कंप्रेसर चालू ठेवून ऐकलं असेल.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

तुझा बाप,
वेंडेल ह्रुश्का
(आडनाव अशासाठी, की ओळख लागावी)


२९ सप्टेंबर

जोलीन,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. सध्या तेवढं पुरे.

मी आता दर गुरुवारी दुपारी वाचनालयात जातो. ओडेट प्रुइट अजून तिथेच आहे, आणि हॅलोविनचं कागदकाम करणाऱ्यांचं ते मोठं टेबलही आहे. आठ बायका आणि मी. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर सगळ्यांना वाटलं, कुणाच्या तरी गाडीला धक्का लागलाय आणि मी सांगायला आलोय. बर्निस ओल्मस्टेड, वय वर्षं चौऱ्याऐंशी, चष्म्यावरून बघत म्हणाली, “बसा वेंडेल. पण इथे हातोडी चालणार नाही हं.”

पावडरने मला रडवलं. भोपळ्याचा ठसा मारला, वर ती गरम हवेने वितळून फुगणारी नारिंगी पावडर टाकली, झटकली, तर ती ठशावर कमी आणि बाकीच्या कागदावर जास्त! गालिच्यावरून पाय घासत येणारा माणूस मी, अंगात वीज भरलेली, पावडर चिकटणारच. गरम हवा सोडली तेव्हा भोपळ्याला देवी आल्यासारखे फोड उठले. मग ओडेटने मला कॉर्नफ्लोअर भरलेला जुना मोजा दिला. ठशाच्या आधी तो कागदावर आपटायचा, वीज पळते. आठ दिवस माझ्या प्रत्येक कोटाला कॉर्नफ्लोअर लागलेलं होतं. गस टोमासेक, आपला जुना पेंटर, तुला आठवत असेल, तो दारात उभा राहून म्हणाला, “लेका, भटारखाना काढलास की काय?”

गरम हवेच्या बंदुकीचंही तसंच. मला वाटलं, ही तर आपली घरची विद्या. जवळ धरली आणि रंग भाजतात तशी भाजली. पावडर उकळली, कागद वाळक्या पानासारखा वळला. इथे हात लांब ठेवायचा आणि नुसतं बघत राहायचं. धुळीसारखी दिसणारी पावडर एका क्षणात काचेसारखी चकाकते, त्याच क्षणी थांबायचं. थांबणं हे माझ्या स्वभावात नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

पण एक गोष्ट मी त्यांना शिकवली! काळ्या कागदाच्या पोटात पांढरा थर असतो. उठाव काढून झाला की मी त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला, पत्र्यावर भरलेली लांबी घासताना फिरवतात तसा, अगदी हलका. उंच भाग तेवढे घासले गेले, काळं निघालं, खालचं पांढरं दिसलं. कोळ्याच्या जाळ्याचा एकेक धागा चांदण्यासारखा उठून आला. ओडेट म्हणाली, “इतकी वर्षं आम्ही खडू घासत बसलो!” त्या दिवशी घरी जाताना माझी छाती सदऱ्यात मावत नव्हती.

त्यांची एक खोड मात्र मला आवडत नाही. कुणी काही दाखवलं की कौतुक करण्याआधी ते पालथं करतात आणि मागून अंगठा फिरवतात. मागच्या खाचांवरून त्यांना म्हणे कळतं की हात कुणाचा, मन कुठे होतं, दम कुठे गेला. आमच्या धंद्यात गाडीच्या दाराची आतली बाजू कोणी बघत नाही. तिथे अस्तर लागतं.

वेंडेल


१३ ऑक्टोबर

जोलीन,

निळी फीत मिळाली! पहिला नंबर!

काल वाचनालयात प्रदर्शन होतं. अख्खं गाव लोटलं होतं, सफरचंदाचा रस आणि डोनट संपले तरी माणसं हलेनात. मतं गावकऱ्यांनी द्यायची, चिठ्ठ्या भोपळ्यात टाकायच्या. एकशे अठरा चिठ्ठ्या घुबडाला. दुसरा नंबर आला त्या सांगाड्याला चौसष्ट. मी हा आकडा सगळ्यांना सांगत सुटलोय, तेव्हा तुलाही सांगतो.

हो, घुबड. मी ते पुरं केलं. आधी अकरा कागद फुकट घालवले आणि मगच त्याला हात लावला. तुझ्या पिसांसारखी पिसं उठवणं म्हणजे काय, ते त्या अकरा कागदांनी मला दाखवलं. मी एकदा दाबतो आणि जोरात दाबतो. तू तीनदा फिरतेस, हलक्या हाताने, आणि पीस आपोआप फुगल्यासारखं वाटतं. आधी शिव्या घातल्या. सातव्या कागदाला शिव्या थांबल्या. मग नुसता बघत बसलो. आपल्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या नाकासमोर, तू हे करत होतीस आणि मी त्याला पोरखेळ म्हणालो होतो, तेही थँक्सगिव्हिंगला, सगळ्यांच्या देखत.

डोळे मी माझ्या मनाने केले. पितळी पावडर, तीन थर, प्रत्येक थर वेगळा भाजला. खोलीत कुठेही उभं राहा, ते घुबड तुमच्याकडेच बघतं.

आता जे लिहायचं होतं ते. नावाच्या चिठ्ठीवर फक्त माझं नाव होतं. आणि घुबडाच्या मागे मी नारिंगी कागद चिकटवला होता. नीटनेटकं दिसावं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.

नीटनेटकं दिसावं म्हणून नाही, जोलीन. तू डावरी आहेस. तुझ्या खाचा उलट्या बाजूने येतात. मागून अंगठा फिरवला की आंधळ्यालाही कळेल, तिथे दोन माणसांचे हात आहेत.

फीत लावताना लोक काय काय बोलत होते. “मुलीची कला बापातूनच आलेली दिसते,” असं एकजण म्हणाला. दुसरी म्हणाली, “बिचारी पोर! त्या वर्षी छत गळून सगळं काम गेलं तिचं.” मी मान डोलावली. छातीवर निळी फीत, आणि मी मान डोलावत उभा.

ओडेटला घुबड महिनाअखेरीला काउंटीच्या मोठ्या प्रदर्शनात पाठवायचंय. तिथे नियम आहे, मागची बाजू उघडी हवी. “गुरुवारी तो कागद काढून आणा,” म्हणाली. मी म्हटलं गोंद पक्का आहे, फाटेल. ती म्हणाली, “रबराचा गोंद आहे हो वेंडेल, मीच दिलाय तुम्हाला. नखाने निघेल.”

गुरुवारला चार दिवस आहेत. आजारी पडता येईल, असाही विचार करून झालाय.

वेंडेल


१८ ऑक्टोबर

जोलीन,

काल गुरुवार होता. मी आजारी पडलो नाही.

घुबड घेऊन गेलो आणि टेबलावर पालथं ठेवलं. म्हटलं, सगळ्यांसमोर काढतो. नखाने कोपरा उचलला, नारिंगी कागद सरसर निघून आला. ओडेटने अंगठा फिरवला, उजवीकडून डावीकडे, मग पुन्हा एकदा.

मी म्हणालो, “डावा पंख जोलीनचा आहे.”

“ते आम्हाला ठाऊक आहे,” बर्निस म्हणाली. “समोरूनच ओळखलं मी. म्हणून तर मत नाही दिलं तुम्हाला. सांगाड्याला दिलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“आम्ही कशाला बोलू? तोंड तुम्हाला आहे की.”

इथे थांबलो असतो तर चाललं असतं. बायका हसल्या होत्या, ओडेट नव्या चिठ्ठीसाठी कागद शोधायला लागली होती, बर्निसने डोनटची बशी माझ्याकडे सरकवली होती. सगळं निभावलं होतं. पण त्या पंखावर तुझ्या हाताच्या खाचा उघड्या पडल्या होत्या आणि माझ्याने ती बशी घेववेना.

मी म्हणालो, “छत गळलं नव्हतं.”

मग सांगितलं. तुलाही सांगतो, जसं तिथे सांगितलं तसंच. त्या दिवशी न्याहारीला तू म्हणालीस की हॅलोविन झालं की गॅरेजमध्ये येणार नाहीस. मी पावाला लोणी लावत राहिलो. तू रिबन आणायला गेलीस. तुझी चार खोकी प्रदर्शनासाठी बांधून दाराशी ठेवलेली होती, एकतीस नग, वर तुझ्या अक्षरात यादी. बाहेर सकाळपासून पाऊस लागला होता. मी पहिलं खोकं उचललं आणि मागच्या अंगणात भंगाराशेजारी नेऊन ठेवलं. मग दुसरं. रागाच्या भरात फेकून दिलं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं. मी फेकलं नाही. चार खोकी, चार खेपा. प्रत्येक खेपेला थांबता आलं असतं. दुपारी ती परत आत आणून ठेवली, आणि छत गळलं म्हणालो. खोटं पक्कं व्हावं म्हणून तीन दिवसांनी शिडी लावली, डांबराचा डबा घेऊन वर चढलो आणि धडधाकट छताची दुरुस्ती केली. तू खिडकीतून बघत होतीस.

गावात सहा वर्षं सगळे त्या छताला दोष देतायत.

कुणीही ‘जाऊ द्या’ म्हणालं नाही. बरं झालं. फक्त बर्निस म्हणाली, “त्या छताची कीव येऊन मी तुम्हाला ‘अ‍ॅपल पाय’ भाजून पाठवला होता, वेंडेल. अख्खा.”

“खाल्ला मी,” मी म्हणालो.

“लाज नाही वाटली?”

“आता वाटतेय.”

ओडेटने निळी फीत उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली. म्हणाली, “ही कुणाची, ते तुम्ही ठरवायचं नाही, आम्हीही नाही. तिला विचारा.” घुबडाचे पुढून-मागून फोटो काढून तिने या पाकिटात घातलेत. खास टपालाने पाठवतोय.

तर विचारतो. घुबड तुझ्या नावाने पाठवू, दोघांच्या नावाने पाठवू, की पाठवूच नको? तू म्हणशील ते.

आणि दुसरं. मी चुकलो. मला माफ कर. आमच्या घरात हे शब्द कुणी शिकवले नव्हते. माझ्या बापाला वाटायचं, माफी मागितली की माणूस बुटका होतो. काल मी तिथून उठलो तेव्हा उंची होती तेवढीच होती, गुडघे तेवढे दुखत होते.

तुला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते आज सांगतो. गाड्यांचे पत्रे मी चाळीस वर्षं सरळ केले, आणि या काउंटीत माझ्यासारखा हात नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण तुझ्या त्या एका पंखाजवळ जाणारं काम माझ्या हातून कधी झालं नाही. मला तुझा अभिमान वाटतो. तेव्हाही वाटायला हवा होता.

वेंडेल


२९ ऑक्टोबर

जोलीन,

तुझी चिठ्ठी आली. ती मी इथे पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे मी ती नीट वाचली हे तुला कळेल.

“डॅड, मी पैशांचं पाकीट विसरले होते म्हणून परत आले होते. दुसऱ्या खेपेपासून पाहिलं. ओरडून थांबवता आलं असतं. थांबवलं नाही, कारण मला बघायचं होतं की तुम्ही चारही नेता का. मग तीन दिवस वाट पाहिली, तुम्ही सांगाल म्हणून. तुम्ही छतावर चढलात, तेव्हा मी बॅग भरली.

“घुबड कुठेही पाठवू नका. माझ्या नावाने नको, तुमच्या नावाने नको, दोघांच्या नको. माझं अर्धं राहिलेलं काम कुणी न विचारता पुरं केलेलं मला आवडत नाही. फीत त्या सांगाडावाल्याला द्या. उजव्या पंखाची पिसं फार खोल गेलीत, तिसऱ्या ओळीत कागद फाटायला आलाय. हात हलका करा. डोळे चांगले झालेत. ते मला जमत नव्हते, म्हणूनच ते अर्धं पडलं होतं.

“माफ केलं असं मी लिहीत नाही. अजून केलेलं नाही. पण पत्रं चारही ठेवली आहेत.

“आता नाताळची कार्डं सुरू होतील. नऊशे कार्डं, सगळी हाताने उठवायची. माझ्या हाताखाली दोन मुली आहेत, अजून एक माणूस हवा. यायचं असेल तर या. पण इथे मालक मी आहे. मी सांगेन तसं करायचं आणि वाद घालायचा नाही. जमेल का, ते नीट विचार करून कळवा. जो.”

उतरवून झालं. आता माझं.

फीत काल त्या सांगाडावाल्याच्या घरी पोचती केली. तो शाळेतला गणिताचा मास्तर निघाला. का देताय म्हणून विचारलं, तर त्यालाही सगळं सांगितलं. एकदा सांगितलं की पुढे सोपं जातं, हे मला माहीत नव्हतं. घुबड काउंटीला गेलं नाही. तिसरी ओळ मी भिंगातून बघितली. तुझं बरोबर आहे, कागद जाण्याच्या बेतात आहे. पोर्टलंडला बसून एका फोटोवरून पोरीने चूक पकडली! हे मी गावभर सांगितलं.

‘डोळे चांगले झालेत’ ही ओळ गसला तीनदा वाचून दाखवली. तो म्हणाला, “लेका, बाकीच्या ओळी पण वाच की.” मग बाकीच्याही वाचल्या. ‘अजून केलेलं नाही’ ही ओळही तीनदा वाचली. गस उठला आणि दोघांसाठी कॉफी करून घेऊन आला.

नीट विचार करायला सांगितलंस, म्हणून दोन दिवस केला. अठ्ठाविसाव्या वर्षी गॅरेज काढलं, तेव्हापासून मी कुणाच्या हाताखाली काम केलेलं नाही. कुणी ‘असं कर’ म्हटलं की माझं डोकं आपोआप ‘का?’ म्हणतं. तिथेही म्हणेल. म्हणालं तरी तोंडातून बाहेर पडणार नाही, याची जबाबदारी माझी. त्या दोन मुलींना सांगून ठेव की नवा माणूस अडुसष्ट वर्षांचा आहे, हात जड आहे, पण तो हलका करायला शिकतोय. तुझा बाप आहे हे त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव.

अकरा नोव्हेंबरला संध्याकाळी पोर्टलंडला उतरतोय. राहायची सोय माझी मी बघतो, त्याची काळजी करू नकोस. सकाळी काम कितीला सुरू होतं तेवढं कळव. मी पंधरा मिनिटं आधी दाराशी हजर असेन.

डॅड